रोहित्राची निगा : जळण्यापूर्वी की जळाल्यावर?

पिंपरीच्या संत तुकाराम नगरातील दिवा असो वा खेड तालुक्यातील विहिरीवरचा पंप, दोहोंस वीज मिळते ती रोहित्रामार्फतच. ११,००० व्होल्टचा दाब ते ४३३ व्होल्टपर्यंत उतरविते. असे असूनही त्याची आठवण होते ती ते जळाल्यावर. सप्टेंबर २०२० मध्ये भोसरीच्या इंद्रायणीनगरात रोहित्राचा स्फोट होऊन तिघांचे प्राण गेले. खेड्यात रब्बीच्या ऐन भरात रोहित्र जळाले की हाताशी आलेला गहू-कांदा वाळतो.

रोहित्र एकाएकी क्वचितच बिघडते. तेल गळून पातळी उतरते. निळी सिलिका जेल ओलावा शोषून गुलाबी होते. ओलसर तेलाची रोधकशक्ती घटते. नव्या तेलाने अडीच मिलिमीटर अंतरात किमान ३० किलोव्होल्ट दाब सोसावा, असे मानक आहे. तेलाची व भूसंपर्काची तपासणी वीज कंपनीने रब्बीपूर्वीच करावयास हवी.

मात्र दोष एकट्या कंपनीचा नव्हे. फ्यूजच्या जागी जाड तार बांधली की रोहित्राचे संरक्षणच जाते. ऑटो स्विचमुळे वीज येताच सारे पंप एकदम सुरू होतात व रोहित्रावर अतिभार पडतो. शेतकऱ्यांनी हे स्विच काढून कपॅसिटर बसवावेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी दसऱ्यापूर्वी प्रत्येक रोहित्र दुरूनच पाहावे. तेलगळती व जेलचा रंग नोंदवून कंपनीस लेखी कळवावे. हात लावण्याचे काम तज्ज्ञाचेच. बैल लंगडल्यावर पत्री ठोकणारा शहाणा ठरत नाही. रोहित्राचेही तसेच आहे.