श्रेष्ठ शस्त्र कोणते?

जपानच्या नामको कंपनीने १९९८ साली काढलेल्या ‘सोलकॅलिबर’ या व्हिडिओ खेळात प्रत्येक योद्ध्याचे शस्त्र निराळे आहे. मित्सुरुगीची तलवार, किलिकची लाठी, अस्टारॉथचा प्रचंड परशू! यांपैकी श्रेष्ठ कोणते, असा वाद मुले घालतात. परंतु तो व्यर्थ होय. परशूचा घाव जबर खरा. पण तो उगारण्यास विलंब लागतो, आणि तेवढ्यात चपळ प्रतिस्पर्धी डाव साधतो. प्रत्येक शस्त्राला गुणाबरोबर उणीवही आहेच.

या खेळाच्या कथेत झीगफ्रीड नावाचा तरुण सूडापायी ‘सोल एज’ ही सर्वांत सामर्थ्यशाली तलवार हाती घेतो. मात्र ती दुष्ट तलवार त्यालाच आपला दास बनवते. सामर्थ्य मिळाले, पण स्वत्व गेले. मग लाभ तो कोणता? जे आपल्या आज्ञेत राहते, तेच शस्त्र श्रेष्ठ.