उलटे पान : टॅरोमधील एका अपशकुनाची जन्मकथा

१/ टॅरोच्या मांडणीत पान उलटे पडले की समोर बसलेल्याचा चेहरा उतरतो. सांगणाऱ्याने अजून तोंडही उघडलेले नसते. ‘उलटे म्हणजे अशुभ’ हे समीकरण इतके रुळले आहे, की ते टॅरोइतकेच जुने असावे असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात टॅरोचे पत्ते पावणेसहाशे वर्षांहून जुने आहेत. उलट्या पानाचे छापील अर्थ मात्र जेमतेम अडीचशे वर्षांचे आहेत, आणि ते मुळात टॅरोसाठी रचलेलेच नव्हते. #थ्रेड

२/ हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत अवतरले. फ्लॉरेन्समधला त्यांचा उल्लेख १४४० चा, फेरारा दरबाराच्या हिशेबातला १४४२ चा. तेव्हा त्यांचे नाव ‘त्रिओंफी’ असे होते. प्याले, नाणी, तलवारी आणि दंड या चार रंगांची ५६ पाने, २१ हुकूम आणि एक विदूषक, असा ७८ पानांचा कॅट पुढे रूढ झाला. सम्राट, मृत्यू, सूर्य ही ज्यांना आज गूढ मानले जाते ती पाने म्हणजे हुकुमाची पाने. त्यांनी डाव मारायचा, एवढेच त्यांचे काम.

३/ खेळणाऱ्याला उलटे पान म्हणजे निव्वळ कटकट. हातातले चित्र डोक्यावर उभे दिसले की माणूस ते सुलटे करतो, आणि तेवढ्यावरून शेजारचा ताडतो की याच्याकडे चित्राचे पान आहे. यावर तोडगा म्हणून दोन्ही टोकांना डोके असलेले राजा-राणी-गुलाम निघाले आणि एकोणिसाव्या शतकात ते सर्वत्र रूढ झाले. खेळाने उलटेपणाचा प्रश्न असा छापखान्यातच निकालात काढला. (सावंतवाडीच्या गंजिफेत तो उद्भवलाच नसता. तिथली पाने गोल, त्यांना वरची कड असते कुठे?)

४/ भविष्य सांगणाऱ्यांना मात्र नेमका हाच दोष उपयोगी पडला. १७७० मध्ये फ्रान्समध्ये पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखक जाँ-बाप्तिस्त आलिएत, जन्म १७३८. एकेकाळी बियाण्यांचा आणि छापील चित्रांचा व्यापार करणारा हा गृहस्थ ‘एत्तेइला’ या नावाने लिही. आलिएत या आडनावाची रोमन अक्षरे शेवटाकडून वाचली की एत्तेइला होते. उलट्या पानांचा पहिला नामांकित भाष्यकार स्वतःचे नाव उलटे करून वावरत होता, हा योगायोग कोणा कादंबरीकाराने रचला असता तर तो कृत्रिम वाटला असता.

५/ त्या पुस्तकात टॅरो नव्हता. होता तो ‘पिके’ या फ्रेंच खेळाचा ३२ पानांचा कॅट, सत्तीपासून एक्क्यापर्यंत, आणि पृच्छकासाठी जोडलेले एक जादा पान. आता अडचण पाहावी. प्रेम, वारसा, प्रवास, खटला, आजार, पत्र, वैरी, विवाह... माणसाच्या आयुष्यातले प्रश्न ३२ शब्दांत कसे बसावेत? प्रत्येक पानाला सुलटा एक आणि उलटा दुसरा असे दोन अर्थ दिले की शब्दसंग्रह दुप्पट होतो. उलट्या पानाची खरी उपयुक्तता ही आहे. ती कोशकाराची सोय आहे. तिच्यात दैवी संकेत शोधणे व्यर्थ. चौकटची दश्शी तर वरून-खालून एकसारखीच दिसते. तिचे डोके कोणते आणि पाय कोणते हे ठरवायला एका टोकाला हाताने खूण करण्याखेरीज गत्यंतर नसे. संकेत देणाऱ्या नियतीला पेन्सिलीची मदत लागावी, हे पुरेसे बोलके आहे.

६/ टॅरोला गूढतेचे वलय लाभले ते १७८१ मध्ये. आंत्वान कूर द जेबलँ याने आपल्या प्रचंड ग्रंथमालेच्या आठव्या खंडात टॅरो हा प्राचीन इजिप्तचा ग्रंथ असल्याचे जाहीर केले. शांपोल्याँने इजिप्तची चित्रलिपी उलगडली १८२२ मध्ये. म्हणजे हा शोध लागला तेव्हा त्या लिपीतले एक वाक्यही कोणाला वाचता येत नव्हते.

७/ याच लेखात बारावे पान येते, एका पायाने टांगलेला माणूस. इटलीत हे चित्र कोणालाही कळे. त्या शहरांत फितुरांची अशी उलटी टांगलेली चित्रे सार्वजनिक भिंतींवर रंगवून त्यांची बेअब्रू करण्याची रीत होती. १४४० मध्ये आंद्रेआ देल कास्ताञो याने फ्लॉरेन्समध्ये अशी चित्रे रंगवली आणि ‘टांगलेल्यांचा आंद्रेआ’ हे टोपणनाव त्याला कायमचे चिकटले. या पानाचे एक जुने इटालियन नावच मुळी ‘गद्दार’ असे आहे.

८/ जेबलँला हे ठाऊक नव्हते. त्याला तिथे ‘सावधपणा’ हा सद्गुण हवा होता. म्हणून त्याने निर्णय दिला : मुळात हा माणूस एक पाय उचलून सरळ उभा होता, अडाणी पत्तेकाराने त्याला उलटा छापला. जो मुद्दामच उलटा काढला होता, त्याला विद्वानाने सुलटा केला आणि दोष कारागिराच्या माथी मारला. टॅरोच्या अर्थलावणीचा आरंभच असा, पान फिरवून घेण्यात झाला.

९/ एत्तेइलाने इजिप्तची कथा उचलली आणि १७८९ मध्ये खास भविष्यासाठी टॅरोचा स्वतंत्र कॅट काढला. प्रत्येक पानाच्या दोन्ही टोकांना शब्द छापलेले, सुलट्यासाठी एक, उलट्यासाठी एक. ७८ पाने, १५६ नोंदी. ३२ पानांची निकड ७८ पानांना नव्हती. सवय मात्र तशीच राहिली.

१०/ पुढे लंडनमध्ये मॅकग्रेगर मेदर्सने १८८८ च्या छोट्या पुस्तिकेत आणि आर्थर एडवर्ड वेटने १९११ च्या ग्रंथात दुहेरी अर्थांची ही पद्धत पुढे चालवली. जगभर आज टॅरो शिकणारे बहुतेक जण वेटच्याच यादीच्या छायेत वाढतात. पण ती यादी नीट वाचतो कोण? दहा तलवारी पाठीत रुतून पडलेला माणूस हे सर्वांत भीषण पान. उलटे आले तर वेट लाभ आणि यश सांगतो, जरी ते टिकणारे नाही. आठ प्याल्यांचे पान उलटे आले तर मोठा आनंद आणि मेजवानी. सूर्य उलटा? तेच सुख, थोडे कमी. चार दंडांच्या पानाबद्दल तर तो सरळ म्हणतो की उलटे झाले तरी अर्थ बदलत नाही. आणि तारा हे आशेचे मानले जाणारे पान सुलटे असतानाच चोरी व हानी दाखवते, असाही अर्थ तो देतो. ‘उलटे म्हणजे अशुभ’ हा नियम खुद्द या यादीतही नाही.

११/ मग भीती आली कुठून? बहुधा चित्रांतून. वेटच्या कॅटसाठी १९०९ मध्ये पामेला कोलमन स्मिथ हिने साध्या पानांवरही प्रसंग रंगवले. त्याआधीच्या मार्सेय पद्धतीच्या कॅटमध्ये दहा नाण्यांचे पान म्हणजे फक्त दहा नाणी. उलटे-सुलटे ओळखायला निरखून पाहावे लागे. आता प्रत्येक पानावर माणसे आली, आणि पान फिरले की ती डोक्यावर उभी राहू लागली. अशा दृश्याने मन चरकणारच. तो चित्राचा परिणाम आहे. परंपरेच्या नावावर तो खपवू नये.

१२/ उलटेपणाशिवाय टॅरो वाचण्याची रीतही त्याच काळातली आहे. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ मंडळाच्या शिकवणीत पानाचे बलाबल शेजारच्या पानांवरून ठरे. दंड म्हणजे अग्नी, प्याले म्हणजे जल, तलवारी म्हणजे वायू, नाणी म्हणजे पृथ्वी. अग्नीशेजारी जल आले की दोघांचाही जोर ओसरतो. अॅलिस्टर क्रोलीने हाच मार्ग धरला. पत्ते भविष्य जाणतात का, हा वाद वेगळा. पण दोन रीतींत ही अधिक विचारपूर्वक म्हणावी लागेल, कारण ती निदान मांडणीकडे पाहते.

१३/ उलटे पान पिसण्यावर अवलंबून असते. नवा कॅट डब्यातून काढून नेहमीसारखा वरखाली पिसला तर एकही पान उलटे पडत नाही. अर्धी थप्पी फिरवून मिसळली तर निम्मी पाने उलटी. शिवाय टेबलाच्या दोन बाजूंना दोघे बसलेले असतात. सांगणाऱ्याला जे उलटे, ते विचारणाऱ्याला सुलटे. वक्री ग्रह निदान सगळ्यांनाच वक्री दिसतो. तेव्हा उलट्या पानाचा ‘दोष’ काढण्यासाठी कोणी खडा, पूजा वा जादा दक्षिणा सुचवली, तर विचारणाऱ्याने एवढेच सुचवावे की खुर्च्या बदलून बसू.

१४/ फ्रान्समध्ये टॅरो आजही खेळला जातो, ७८ पाने, २१ हुकूम, सारे तेच. त्या कॅटमधल्या हुकुमांवर वरच्या आणि खालच्या अर्ध्यात वेगवेगळी पण सुलटी चित्रे असतात. पान कसेही हाती आले तरी एक चित्र खेळणाऱ्याकडे सरळ पाहत असते.