डोंगर हेच स्मारक



गेल्या नोव्हेंबरात आम्हास इंग्लंडला जाण्याची संधी मिळाली. पुतण्या तिकडे लीड्सला नोकरीस आहे. एका रविवारी त्याने पहाटेच उठवले. "काका, आज डोंगर चढायचा आहे." आम्ही पडलो दिवसभर खुर्चीत बसून हिशेब लिहिणारे कारकून! तरी निघालो.

डोंगराचे नाव ग्रेट गेबल. उत्तर इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्ट भागातला. उंची ८९९ मीटर, आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहून थोडी अधिक. सीथवेटपासूनची वाट दगडधोंड्यांची, वर धुके आणि बोचरा वारा. बरोबर म्हातारी जोडपी, तरुण, लहान मुले. बहुतेकांच्या छातीवर पॉपीचे लाल फूल. निसरड्या जागी अनोळखी माणसे आम्हाला हात देत होती. नाव-गाव कोणी विचारले नाही.

माथ्यावरील खडकात ब्राँझची पाटी बसवलेली आहे. तिच्यावर २० नावे. फेल अँड रॉक क्लाइंबिंग क्लब या गिर्यारोहकांच्या संस्थेचे हे सभासद पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ संस्थेने पुतळा उभारला नाही. आसपासच्या डोंगरमाथ्यांची सुमारे ३ हजार एकर जमीन विकत घेतली आणि १९२३ साली नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केली. हेतू हा की, ती कायमची सर्वांना मोकळी राहावी. ८ जून १९२४ रोजी पाटीचे अनावरण झाले. त्या वेळी भाषण केले जेफ्री विन्थ्रॉप यंग यांनी. युद्धात एक पाय गमावलेला हा गिर्यारोहक!

११ वाजता दोन मिनिटे स्तब्धता झाली. एवढा जमाव, पण आवाज फक्त वाऱ्याचा. प्रार्थना त्यांच्या धर्माची होती, ती आम्ही म्हटली नाही. मौनात मात्र मनापासून सामील झालो.

त्या दोन मिनिटांत आम्हाला महाड आठवले. मृतांच्या नावाने तिथे आख्खे डोंगर सर्वांना खुले झाले, त्यानंतर तीनच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांना चवदार तळ्यावर जावे लागले. कशासाठी? ओंजळभर पाण्याच्या हक्कासाठी. मोकळ्या जागेची किंमत आपल्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार?

आणि मग आमचीच आम्हाला लाज वाटली. वस्तीतील एका दिवंगत कार्यकर्त्याच्या स्मृतीसाठी मंडळाने निधी जमवला आहे. खजिनदार आम्हीच. सिमेंटची कमान उभारण्याचा ठराव झाला, तेव्हा आम्हीही हात वर केला होता. कमानीवर देणगीदारांची नावे कोणत्या क्रमाने घालावीत, यावर दोन तास वाद झाला. त्या माणसाने आयुष्यभर रात्रीचे वर्ग चालवले, याची आठवण त्या सभेत एकालाही झाली नाही. आम्हालाही नाही.

परत आल्यावर आम्ही मंडळापुढे सूचना मांडली : कमान नको, अभ्यासिका करू. दिवा रात्री उशिरापर्यंत चालू राहील आणि कोणत्याही वस्तीच्या, कोणत्याही जातीच्या मुलाला तिथे बसता येईल. दाराशी त्या कार्यकर्त्याच्या नावाची एक लहानशी पाटी पुरे. सूचना अद्याप मंजूर झालेली नाही. काहींनी "इंग्लंड पाहून आले!" म्हणून टोमणाही मारला. हरकत नाही. पुढच्या बैठकीत पुन्हा मांडू.

वाचकहो, तुमच्या वस्तीतही असा निधी पडून असेल. पावती फाडण्यापूर्वी एवढे विचारा, याचा उपयोग कोणाला होणार?