वायर दातांनी सोलू नका

पंढरपुरात आषाढीच्या दिवसांत दारावरची बेल असून नसल्यासारखी असते. गल्लीत टाळ-मृदंग, चौकात लाऊडस्पीकर, आणि आमच्या अम्मीला तर एरवीही कमीच ऐकू येतं. म्हणून २०२३ साली माझ्या भाच्याने, नववीतल्या पोराने, नानीसाठी दिव्याची बेल केली. दाराबाहेर बटण, नानीच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात एलईडीची पट्टी, आणि मधे पाच व्होल्टचा मोबाइल चार्जर. बटण दाबलं की दोन्हीकडे उजेड. आठ दिवस घरात कौतुकच कौतुक चाललं होतं.

त्या वर्षी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, गुरुवारी, २९ जूनला. अनेक गावांतल्या मुस्लिमांप्रमाणे आम्हीही कुर्बानी दुसऱ्या दिवसावर ठेवली होती. अब्बा नमाजहून एकटेच पुढे निघून आले. शुगरची गोळी सकाळीच घेतलेली आणि ईदच्या नमाजनंतरच खायचं म्हणून पोट रिकामं. गर्दीमुळे लांबून वळसा घालावा लागला. मोबाइल घरीच. गर्दीचे दिवस म्हणून दार आतून बंद. त्यांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, दार ठोठावलं. आत उजेड झालाच नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा अब्बा पायरीवर घामाने डबडबून बसले होते, आणि शेजारच्या अंगणात उतरलेली एक वारकरी आजी त्यांना स्वतःच्या उपवासाचा राजगिऱ्याचा लाडू भरवत होती.

संध्याकाळी मी बटण उघडलं. आतल्या वायरीत सात बारीक तारा असायला हव्या होत्या. पाच मुळाशीच तुटलेल्या, उरलेल्या दोन दार उघडता-मिटता हलून हलून गेलेल्या. भाचा खाली मान घालून म्हणाला, “मामू, मी दातांनी सोलली होती.” त्याच्या पुढच्या दाताचा टवकाही त्यातलाच. माझी बहीण म्हणाली, “बंद कर हे सगळं, अभ्यास कर.” मी म्हटलं, आपा, पोराचं डोकं बरोबर चाललंय, हातात अवजार नाही एवढंच.

तर हे अवजार म्हणजे वायर स्ट्रिपर. घरात कुणी ब्रेडबोर्ड, सेन्सर, छोट्या मोटारी घेऊन बसत असेल तर सोल्डरिंगच्या आधी हे घ्या. दात, ब्लेड, नेलकटर यांनी वरचं प्लास्टिक निघतं, पण त्याबरोबर तांब्यावर खाच पडते. ती डोळ्यांना दिसत नाही, वायर त्या दिवशी चालतेही. मग वाकता वाकता नेमकी तिथेच तुटते. काही जण काडी लावून प्लास्टिक जाळतात. पीव्हीसी जळताना नाकाघशाला झोंबणारा आम्लाचा वायू निघतो आणि तांबं काळं पडल्याने त्याला सोल्डरही नीट धरत नाही.

दुकानात गेलात की पहिली गडबड आकड्यांची होते. गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जो स्ट्रिपर पुढे येतो तो बहुधा घराच्या वायरिंगचा असतो, म्हणजे एक, दीड, अडीच चौरस मिलिमीटरचा. छंदाच्या कामाची वायर त्याच्या पाव हिश्श्याहूनही बारीक. दुकानदार तिला ‘७/३६’ म्हणतो, म्हणजे ३६ गेजच्या सात तारा. तिचं तांबं जेमतेम ०.२ चौरस मिलिमीटर भरतं. स्ट्रिपरवर मात्र बऱ्याचदा एडब्ल्यूजी हे अमेरिकी माप कोरलेलं असतं. त्यात आकडा मोठा तितकी वायर बारीक. आपली ७/३६ साधारण २४ नंबरला बसते. ब्रेडबोर्डला २२ किंवा २४ नंबरची एकाच तारेची वायर चांगली. आणखी एक गोम आहे. काही स्ट्रिपरवर मिलिमीटर लिहिलेलं असतं ते तारेच्या जाडीचं, काहींवर चौरस मिलिमीटर. ०.५ मिलिमीटर जाडीची तार म्हणजेच ०.२ चौरस मिलिमीटर. हे न बघता घेतलं की भोक मोठं निघतं आणि प्लास्टिक सोलायचं सोडून नुसतं ताणलं जातं.

प्रकार तीन. शे-दीडशे रुपयांत मिळणारा साधा, दोन पात्यांत खाच आणि बाजूला स्क्रू असलेला. स्क्रूने खाच किती मिटायची ते ठरवायचं. रद्दी तुकड्यावर आधी सैल ठेवून हळूहळू आवळत आणायचा. वायर बदलली की पुन्हा तेच. कंटाळवाणं आहे, पण एकाच जातीची वायर वापरणाऱ्याला हा पुरतो. दुसरा ओळीने नंबरची भोकं असलेला. माझं मत विचाराल तर मुलांना हाच द्या, फक्त २० ते ३० नंबरचा बघून घ्या. नंबर बघायचा, वायर ठेवायची, दाबायचं, अर्धा वळसा देऊन सरळ ओढायचं. तिसरा आपोआप सोलणारा. एक जबडा वायर धरतो, दुसरा प्लास्टिक ओढून काढतो. दिसायला भारी, आणि डेकोरेशनच्या माळांच्या शंभर वायरी सोलायच्या असतील तर हातांना आराम. पण बारीक वायर त्यातून निसटते नाहीतर तुटते. आम्ही आधी भपक्याला भुलून हाच आणला होता. आता तो घराच्या वायरिंगला लागतो.

घेताना आपली वायर हातभर खिशात घालून न्या आणि दुकानातच सोलून बघा. सोललेल्या तारा पसरून मोजा. सात होत्या तर सातच हव्यात. मूठ मुलाच्या किंवा घरातल्या बाईच्या हातात मावते का, स्प्रिंग जड तर नाही ना, तेही बघा. गावात बारीक नंबरचा मिळाला नाही तर पुण्याला जाणाऱ्या कुणाला सांगा. बुधवार पेठेत तपकीर गल्ली आहे, इलेक्ट्रॉनिक्सचा सगळा बारदाना तिथे. पंढरपूरकराला खूण सोपी, पासोड्या विठोबाही त्याच पेठेत. टपारियाची अवजारं तर आपल्या नाशिकच्या सातपूरची, तीही विचारून बघा.

वायर विकत घ्यायलाच हवी असं नाही. इंटरनेटवाला केबल टाकून गेला की तुकडे मागून ठेवा. त्या केबलमध्ये आठ वायरी असतात, बहुतेक २४ नंबरच्या, एकाच तारेच्या, ब्रेडबोर्डसाठी अगदी योग्य. तार खरवडून आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ते टाकून द्या, दोन वाकांत मोडतं. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातली लालसर तार मात्र स्ट्रिपरने सोलायची नसते. तिच्यावर प्लास्टिक नसून वार्निशचा पातळ थर असतो. टोकाला बारीक पॉलिश पेपर घासला की काम झालं.

आणि हे पोरांना बजावून सांगा: मुठीवर लाल-पिवळं रबर आहे म्हणजे शॉक लागणार नाही, असं नसतं. त्यासाठी अवजारावर १००० व्होल्ट आणि दुहेरी त्रिकोणाची खूण लागते, साध्या स्ट्रिपरवर ती नसते. प्लगमध्ये घातलेल्या वायरीला स्ट्रिपर लावायचाच नाही.

भाच्याने बेल पुन्हा जोडली. यावेळी बटणाजवळ वायरीला एक सैल वेढा ठेवला, म्हणजे दार हललं तरी ताण सोल्डरवर येत नाही. ही युक्ती त्याचीच, मी सांगितलेली नाही. अब्बा आता येता-जाता उगीचच एकदा बटण दाबतात आणि अम्मी आतून ओरडते, “दिसलं, दिसलं!”