मापांशिवाय फोटो छापणार नाही

या अंकापासून ‘कायापालट’ सदराचा नियम बदलतो आहे. दुरुस्त केलेल्या इंजिनाचा फोटो मापांच्या कागदाशिवाय छापला जाणार नाही. मागच्या अंकात याची चौकट टाकली आणि अपेक्षेप्रमाणे नाराजीची पत्रं आली. सगळ्यांचा सूर एकच आहे: घरच्या पडवीत, सुटीच्या दिवशी, हौसेनं इंजिन बांधणाऱ्याला कसली कागदपत्रं मागता? हा अंक खंडेनवमीच्या तोंडावर निघतो आहे आणि गावोगावी रंगाचे डबे उघडलेले आहेत. तेव्हा उत्तर द्यायला हीच वेळ बरी.

सदराला येणारे फोटो जोडीनं येतात. पहिल्यात बाभळीखाली गंजत पडलेलं इंजिन, दुसऱ्यात तेच चकाचक, फ्लायव्हीलच्या कडेला लाल पट्टा, वर झेंडूचा हार. मधलं काहीच नसतं. लायनर किती झिजला होता, क्रँक गोल होता की लंबगोल, हेडखाली कोणतं पॅकिंग बसवलं, पंपाखालच्या शिमा किती निघाल्या आणि किती परत गेल्या, यातलं एक अक्षरही फोटोसोबत येत नाही. आणि आपल्या धंद्यात जे काही शिकण्यासारखं आहे ते नेमकं तिथेच असतं.

रंग वाईट, असं आमचं म्हणणं नाही. पण बाजारात उभ्या असलेल्या जुन्या इंजिनांवरचा रंग एकदा नखानं खरवडून पाहा. तेलकट धुळीवर रंग, त्यावर पुढच्या दसऱ्याचा रंग, मधे कुठे पाण्याच्या जॅकेटची चीर लांबी भरून बुजवलेली. असं इंजिन गिऱ्हाईक रंगावर भुलून घेतं, आणि पहिल्याच पाळीला पाणी तेलात उतरलं की शिव्या मिस्त्रीला बसतात. दोष मिस्त्रीचा असो वा नसो, त्याच्याजवळ दाखवायला काहीच नसतं. कागद असता तर असतं.

कागदात एवढं काय असतं, हे एका इंजिनावरूनच सांगतो. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली पुण्याजवळ खडकीला उभी राहिली आणि पुढच्या दशकांत विहीर, गुऱ्हाळ, पिठाची गिरणी, मळणी यंत्र अशा सगळीकडे एक सिलिंडरची इंजिनं पोचली. त्यांतलं एव्ही-१ बहुतेक वाचकांच्या हाताखालून गेलेलं आहे. ८० मिलिमीटरचा बोअर, ११० मिलिमीटरचा स्ट्रोक, म्हणजे ५५३ घनसेंटिमीटर. १५०० फेऱ्यांना पाच अश्वशक्ती. पाण्यानं थंड होणारं. त्याचा थोरला भाऊ टीव्ही-१ तर देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत बसला आहे. करंज तेलापासून जट्रोफापर्यंत बायोडिझेलवरचे कितीतरी शोधनिबंध त्याच्यावर लिहिले गेले. एवढं मोजलं गेलेलं इंजिन आपल्या पडवीत आलं की त्याची मापं कोणी घेत नाही, ही गंमतच म्हणायची.

एव्ही-१ चं कॉम्प्रेशन साधारण साडेसोळाला एक धरतात. पिस्टन अगदी वर आल्यावर हवेला किती जागा उरते? ५५३ भागिले साडेपंधरा, म्हणजे जेमतेम ३५.७ घनसेंटिमीटर, एका कटिंग चहाहूनही कमी. आता ८० मिलिमीटर बोअरचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर भरतं. हेड जरा वाकलं आहे म्हणून कोणी एकावर एक दोन पॅकिंगं टाकली, किंवा ब्लॉकखाली जाडसर कागद घातला, आणि उंची अर्ध्या मिलिमीटरनं वाढली. तेवढ्यानं जागा अडीच घनसेंटिमीटरनं वाढते आणि साडेसोळाचं कॉम्प्रेशन साडेपंधरावर येतं. डोळ्यांना काहीही दिसत नाही. दिसतं ते जानेवारीच्या पहाटे, हँडल मारून खांदा भरून आल्यावर. मग नोजल बदला, पंप बदला, डिझेलला नावं ठेवा असा क्रम सुरू होतो. शिशाच्या तारेचे दोन तुकडे पिस्टनच्या माथ्यावर समोरासमोर ठेवून हेड कसलं, फ्लायव्हील हातानं एकदा फिरवलं आणि चेपलेली तार मायक्रोमीटरनं मोजली, तर ही सगळी धावपळ वाचते. तारेची जाडी मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहा आणि लिहून ठेवा. दोन तुकड्यांत फरक पडला तर तोही लिहा. पुढच्या माणसाला तो फरक फार उपयोगी पडतो.

शिमांचंही तसंच. इंजेक्शन पंप उतरवताना त्याच्या फ्लँजखालचे पातळ पत्रे रॉकेलच्या ट्रेमध्ये पडतात, कोणीतरी ट्रे ओतून देतो, आणि इंजिनाचं टायमिंग गटारात वाहून जातं. शीम वाढली की पंप कॅमपासून वर उचलला जातो आणि डिझेल उशिरा पडतं. कमी झाली की लवकर. एव्ही-१ आणि टीव्ही-१ ला डिझेल वरच्या टोकाच्या २३ अंश आधी पडायला हवं. कोन मोजायचं यंत्र घरी नसलं तरी अडत नाही. फ्लायव्हीलच्या परिघावर शिंप्याची टेप गुंडाळा. समजा चाकाचा व्यास ५०० मिलिमीटर आहे, तर परीघ सुमारे १५७१ भरतो आणि २३ अंश म्हणजे परिघावरचे १०० मिलिमीटर. तिथे खडूची रेघ मारायची, डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून वाकडी नळी लावायची, चाक हळूहळू फिरवायचं आणि थेंब नेमका कुठे तुटतो ते बघायचं. रेघेच्या आठ-दहा मिलिमीटर अलीकडे-पलीकडे तुटला तरी दोन अंशांचा फरक पडला. घरी एवढी अचूकता टेपनं मिळते. मोठमोठ्या वर्कशॉपांत याहून ढोबळ काम होताना आम्ही पाहिलं आहे, आणि तेही पूर्ण पैसे घेऊन.

‘किट टाकलं’ हा शब्द मात्र आता ऐकवत नाही. पिस्टन, लायनर, रिंगा, पिन असा खोका आणायचा, जुनं काढून नवं बसवायचं, की इंजिन ‘नवं’ झालं! लायनर बदलला, चांगलं झालं. पण क्रँकपिन मोजली का? तीही दोन दिशांनी? पिन लंबगोल असेल तर नव्या बेरिंगमध्ये तेलाचा थर टिकत नाही आणि थोड्याच दिवसांत तोच ठोका परत ऐकू येतो. उलटही घडतं. जुना लायनर वर, मध्ये आणि खाली, क्रँकच्या रेषेत आणि तिला आडवा असा सहा ठिकाणी मोजला, तर कधी कधी तो अजून मर्यादेत असल्याचं कळतं आणि फक्त होनिंग करून, नव्या रिंगा घालून काम भागतं. सर्वाधिक झीज वरच्या रिंगेच्या थांब्यापाशी, पिस्टनच्या रेट्याच्या बाजूला असते. फक्त तळाशी मोजणाऱ्याला प्रत्येक लायनर चांगलाच वाटणार. आणि नव्या रिंगा खोक्यातून आल्या म्हणजे बरोबरच असतील, असंही समजू नका. रिंग लायनरमध्ये पिस्टननं सरळ ढकला, फिलर गेज घाला. ८० मिलिमीटरच्या बोअरला पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर फट हा जुना ठोकताळा आहे. शेवटचा शब्द मॅन्युअलचा.

बिग एंडचे बोल्ट जुनेच परत घालणाऱ्यांशी आम्ही वाद घालत नाही. त्यांनी क्रँककेस फोडून बाहेर आलेला कनेक्टिंग रॉड एकदा बघावा.

घरी काम करणाऱ्याजवळ डिझेल पंपाचं टेस्ट बेंच नसतं, क्रँक ग्राइंडिंगचं यंत्र नसतं. ती कामं बाहेर द्यावीच लागतात. पण ती तोंडी देऊ नका. लेथवाल्याला ‘थोडं मारून दे’ म्हणण्यापेक्षा कागदावर माप लिहून द्या आणि काम परत आल्यावर त्याच्यासमोर मोजा. तो आधी चिडतो, मग तुमचं काम जपून करायला लागतो. घरच्या माणसाजवळ वर्कशॉपकडे नसलेली एकच गोष्ट असते, ती म्हणजे सवड. उद्या पंप विहिरीवर नेऊन बसवायचा नसतो. ही सवड मोजण्यात घालवली नाही, तर घरी काम करण्याचा फायदा तो काय?

घर म्हटलं की तिथे मुलंबाळं, तुळस, वाळवणं आलीच. जुना रंग कोरडा घासू नये. घरगुती रंगांतलं शिसं दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत आणि कारखान्यांसाठीच्या रंगांत शिसं असू शकतं, असंच धरून चाला. ओलं करून खरवडा, खपल्या कागदात गोळा करा. जुनी पॅकिंगंही तशीच काढा, कारण त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बिडाचे भाग छान निघतात, पण ॲल्युमिनियमचा पिस्टन त्यात टाकला तर सोडा तो खातो आणि वर हायड्रोजन सुटतो. नोजल तपासताना फवाऱ्यासमोर बोट नेऊ नये, हे तर शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी सांगायचं. सुमारे २०० बार दाबाचं डिझेल कातडीच्या आत घुसतं, वरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते आणि बोट गमवायची वेळ येते. तसं झालं तर हळद लावत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

आता रंगाकडे. मापं झाली, जुळणी झाली, इंजिन एकदा चालून गळती बंद झाली, मग रंग. गंजाची पापुद्री तारेच्या ब्रशनं काढून, थिनरनं तेल पुसून, रेड ऑक्साइडवर सिंथेटिक एनॅमलचे दोन पातळ हात घरी पुरेसे असतात. दोन डब्यांचा पीयू रंग घरी फवारू नये. त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट साध्या कापडी मास्कनं अडत नाही. एनॅमल वरून रात्रीत सुकतो, आतून पूर्ण कडक व्हायला दिवस लागतात, म्हणून दसऱ्याच्या आदल्या दिवशी रंगवलेल्या इंजिनावर बोटांचे ठसे उमटलेले असतात. मशिन केलेल्या तोंडांवर ग्रीस किंवा टेप लावा. नटाखाली आणि वायसरखाली रंग राहू देऊ नका. तो दबतो, मग टॉर्क देऊन कसलेला नट सैल पडतो. एअर-कूल्ड इंजिनाच्या पंख्यांवर जाड थर चढवणं म्हणजे त्याला भर उन्हात घोंगडी पांघरणं.

मूळ रंग कोणता यावर आमच्याकडे लांबलचक वाद येतात. इंग्लंडमधल्या डर्सलीच्या लिस्टर इंजिनाचा गडद ब्रन्सविक हिरवा सर्वांना ठाऊक आहे. १९३० च्या सुमाराचं ते ६५० फेऱ्यांचं, सहा अश्वशक्तीचं संथ इंजिन राजकोटच्या कारखान्यांनी इतकं बनवलं, की आज त्याच घडणीची हिरवी, निळी, लाल अशी सगळी इंजिनं सापडतात. आमच्या मते रंग मालकाच्या आवडीचा असावा. नावाची पट्टी आणि ओतकामातले आकडे मात्र रंगाखाली जाता कामा नयेत. सुटा भाग मागवायचा तर दुकानदार रंग विचारत नाही, नंबर विचारतो. राजकोटी घडणीचं इंजिन असेल तर क्रँककेसच्या आतल्या कोपऱ्यांत ओतकामाची वाळू राहिली आहे का, तेही रंगाआधी बघा. ती वाळू नंतर तेलातून बेरिंगमध्येच जाते.

पहिल्यांदा सुरू करताना जवळ एक लाकडी फळी असू द्या. गव्हर्नरची दांडी उलटी जोडली गेली तर इंजिन पळतं. तेलाच्या एअर क्लीनरमध्ये तेल जास्त झालं असेल, तर डिझेल बंद करूनही ते थांबत नाही. हवेचं तोंड फळीनंच झाकावं लागतं. हातानं कधीच नाही. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, म्हणजे उलटा झटका आला तर हँडल हातातून निसटून जाईल. आणि इंजिन सुरू झालं म्हणून दिवसभर रिकामं फुकफुकत ठेवू नका. बिनलोडचं फार चाललं तर लायनर गुळगुळीत होऊन रिंगा बसत नाहीत. थोडा वेळ रिकामं, मग पंप जोडून व्हॉल्व्ह अर्धा उघडा, मग हळूहळू पूर्ण लोड.

कागदाचा नमुना पान तीनवर छापला आहे. शिंप्याच्या टेपनं घेतलेलं माप चालेल, पेन्सिलनं लिहिलेलं चालेल. एखादा आकडा मर्यादेबाहेर असून तसाच ठेवला असेल तर तसं लिहिलेलंही चालेल. आम्ही ते हसण्यावारी नेणार नाही. यंत्रांबद्दल मराठीत लिहिण्याची सवय आपल्याला नवी नाही. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ १९२० सालीच निघू लागलं होतं. नमुन्यात शेवटचा रकाना पहिल्या तेलाचा आहे. सुरुवातीच्या काही तासांनंतर तेल गरम असतानाच काढा, पांढऱ्या सुती फडक्यातून गाळा, फडक्यावरून चुंबक फिरवा. चुंबकाला काय चिकटलं, काय नाही, आणि पिवळसर चकाकणारं काही राहिलं का, एवढं त्या रकान्यात लिहून पाठवा. पिवळसर दिसलं तर फोटो नंतर पाठवा, आधी बुश बघा.