खतावणी काय सांगते?

बीड, गेवराई वा माजलगावच्या जुन्या पेढीवर कीर्द आणि खतावणी या दोन्ही वह्या असत. कीर्दीत दिवसाचा व्यवहार घडला त्या क्रमाने उतरे. खतावणीत तोच व्यवहार खातेदारांच्या नावांनी वेगळा होई. आकडे तेच, परंतु कोणाकडे किती येणे आहे, हे खतावणीवाचून उमगत नसे. कच्च्या नोंदीची उपयुक्त माहिती होते ती अशी.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि संगणक बहुतेक गल्ल्यांवर पोहोचला. नोंदींचे ढीग वाढले. त्यांना विचारावयाचे प्रश्न मात्र फारसे वाढले नाहीत. पुष्कळ दुकानांत संगणक हा विवरणपत्र भरण्यापुरताच उघडला जातो!

जानेवारीत किराणा दुकानदाराने नव्वद दिवसांवरील उधारीची यादी काढली, तर वडवणी, धारूर, पाटोदा, शिरूर कासार भागांतील कित्येक खाती त्यात थिजलेली दिसतील. संगणकाच्या लेखी हे सारे थकबाकीदार. वस्तुस्थिती निराळी असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, उचल घेऊन ही कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला गेलेली असतात. हंगाम संपेपर्यंत, साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, घराला कुलूप. त्याच यादीत गावातच राहणारा, पण आता दुसऱ्या दुकानी रोखीने माल नेणारा गिऱ्हाईकही असतो. दोघांची बाकी सारखीच, दिवसही तेवढेच. पहिल्याची उधारी बंद केली तर परतल्यावर ऐन पेरणीच्या तोंडावर त्याच्या घरात धान्य उरत नाही, आणि वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक तुटते ते वेगळेच. दुसऱ्याला सवलत दिली, तर भांडवल अडकते.

जुन्या मुनिमाला हा भेद तोंडपाठ असे. पण तो निवृत्त झाला की ती जाणही त्याच्याबरोबर जाई. संगणकात खात्यासमोर गाव, ऊसतोडीला जाणे-न जाणे आणि उचल मिळाल्यावर मागील बाकी किती फेडली, असे तीन रकाने जोडणे अवघड नाही. त्यांतील तिसरा सर्वांत बोलका. हाती रक्कम असताना ज्याने निम्मी तरी बाकी दिली, त्याचे जानेवारीतील मौन चिंतेचे नव्हे. अशा खात्यांची यादी अक्षय्य तृतीयेनंतर काढावी. गावात राहणाऱ्यांची मात्र जानेवारीतच, आणि तीही दुकानाच्या मालकाने स्वतः वाचावी.