वेग मिळाला, माप समजले का?

घरात एखादी नवी सोय येते तेव्हा तिच्या लाभांची चर्चा आधी होते आणि तिच्या हिशेबाची नंतर. दूरध्वनीच्या तारेवरून ब्रॉडबँड घरात आले तेव्हाही याहून वेगळे घडले नाही. डायल-अप सोडून ब्रॉडबँड घेणाऱ्या नवशिक्या ग्राहकाला वेगाविषयी पुष्कळ सांगितले गेले. परंतु वेगाबरोबर आकारणीचे मापही बदलले आहे, हे फारसे कोणी समजावून दिले नाही. त्या संक्रमणाला वीस वर्षे होऊन गेली. त्यातून निघणारा बोध मात्र बँकेच्या ग्राहकाला आणि कर्मचाऱ्याला आजही उपयोगी पडावा असा आहे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली, ती मोजक्या महानगरांत. इतर शहरांत ती यथावकाश पोहोचली आणि बहुतेक घरांत तिचे रूप डायल-अपचेच होते. केंद्र सरकारने १४ ऑक्टोबर २००४ रोजी ब्रॉडबँड धोरण जाहीर केले. किमान २५६ किलोबिट प्रतिसेकंद वेगाची आणि सदैव चालू राहणारी जोडणी म्हणजे ब्रॉडबँड, अशी व्याख्या त्यात करण्यात आली. पाठोपाठ १४ जानेवारी २००५ रोजी भारत संचार निगमाची 'डेटावन' ही सेवा सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने ती लखनौसारख्या शहरांत आली. हजरतगंजच्या जुन्या वस्तीत काय किंवा गोमतीनगर, इंदिरानगरच्या नव्या वसाहतींत काय, दूरध्वनी आधीपासून होताच. त्याच तांब्याच्या तारेला आता दुसरे काम मिळाले.

लखनौतील मराठी कुटुंबांना या सेवेचे अप्रूप अधिकच वाटले असल्यास नवल नाही. या शहराशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली येथे उभे राहिलेले संगीत महाविद्यालय आज त्यांच्याच नावाचे विश्वविद्यालय आहे. रेल्वेची संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटना, केंद्रीय औषध संशोधन संस्था आणि राष्ट्रीयीकृत बँका यांच्या नोकऱ्यांनी महाराष्ट्रातील माणसे या शहरात आणली. बदलीच्या गावी मराठी वर्तमानपत्र हाती पडणे दुर्मीळ. पुण्यातील मुलगा, अमेरिकेतील मुलगी आणि संगणकाच्या पडद्यावरचे मराठी दैनिक यांच्याशी जोडणारा धागा म्हणून इंटरनेटकडे पाहणारे घर वेगाला भुलले, तर त्यात अस्वाभाविक काही नव्हते.

डायल-अपच्या काळात हिशेब वेळेचा असे. एकीकडे विकत घेतलेले तास संपत आणि दुसरीकडे दूरध्वनीचे कॉल मोजले जात. जोडणी चालू असेपर्यंत घरचा दूरध्वनी व्यग्र राही. मोडेमची कमाल क्षमता ५६ किलोबिटांची. प्रत्यक्षात सेकंदाला चार-पाच किलोबाइट मिळाले तरी समाधान मानावे लागे. दीड मेगाबाइटचे एक छायाचित्र उतरवायला पाच मिनिटांहून अधिक काळ जाई. साहजिकच घराला एक शिस्त लागली होती. पत्र आधी लिहून ठेवायचे, मग जोडणी करायची, पत्र पाठवायचे, आलेली पत्रे उतरवून घ्यायची आणि जोडणी तोडून ती निवांत वाचायची. ही काटकसर घड्याळाकडे पाहून करता येत होती आणि म्हणूनच ती आजी-आजोबांनाही समजत होती.

ब्रॉडबँडने घड्याळ बाद केले. मोडेमसोबत आलेल्या 'स्प्लिटर' नावाच्या लहानशा डबीने आवाजाच्या आणि माहितीच्या लहरी वेगळ्या केल्या आणि इंटरनेट चालू असतानाही दूरध्वनी मोकळा राहिला. जोडणी दिवसभर चालू ठेवली तरी वेळेचे पैसे पडत नव्हते. पैसे पडत होते ते उतरवलेल्या आणि चढवलेल्या माहितीचे. महिना २५० रुपयांच्या एका घरगुती योजनेत सुरुवातीला ४०० मेगाबाइटांची मर्यादा होती. त्यावरील प्रत्येक मेगाबाइटला वेगळा आकार पडे.

येथे थोडे गणित मांडणे आवश्यक आहे. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणजेच २५६ किलोबिटांचा वेग हा सेकंदाला ३२ किलोबाइट इतका होतो. या वेगाने अखंड माहिती उतरवली, तर ४०० मेगाबाइट सुमारे साडेतीन तासांत संपतात. साऱ्या महिन्याची शिधा एका दुपारी संपावी, तसाच हा प्रकार. पुढे २००७ साली वेग २ मेगाबिटांपर्यंत वाढला आणि त्याचे योग्य ते स्वागतही झाले. तथापि महिन्याला १ गीगाबाइट मर्यादा असेल, तर ती नव्या वेगाने सव्वा तासाच्या आत संपू शकत होती. वेग आठपट झाला, मर्यादा अडीचपट. मेगाबाइटला एक रुपया धरला, तरी मर्यादेबाहेर उतरवलेला ७०० मेगाबाइटांचा एक चित्रपट ७०० रुपयांना पडणार. काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेतील वापर मोजला जात नसे. ज्यांना हे ठाऊक होते, त्यांनी मोठी कामे रामप्रहरी उरकली; ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांना ते देयकाने शिकवले.

दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा. डायल-अपची जोडणी तुटली की घराचे दार आपोआप बंद होई. सदैव चालू जोडणीत ते दिवसरात्र उघडे राहते. ऑगस्ट २००३ मध्ये पसरलेला 'ब्लास्टर' हा उपद्रवी प्रोग्रॅम संगणकात शिरण्यासाठी कोणी काही उघडण्याची वाट पाहत नव्हता; असुरक्षित संगणक इंटरनेटला जोडलेला असणे एवढेच त्याला पुरेसे होते. यावरील उपाय म्हणून २००४ साली विंडोज एक्सपीचा 'सर्व्हिस पॅक २' आला आणि त्याने संरक्षक भिंत आपोआप चालू केली. परंतु तो संपूर्ण उतरवायचा झाल्यास अडीचशे मेगाबाइटांहून मोठा होता. म्हणजे ४०० मेगाबाइटांच्या ग्राहकाने संगणक सुरक्षित करावा, तर महिन्याची निम्म्याहून अधिक मर्यादा त्यातच खर्ची पडावी! या कोंडीची कल्पना नवशिक्याला कोणी दिली असती, तर त्याने मित्राकडून सीडी आणून तेच काम विनामूल्य केले असते.

यावर असे म्हणता येईल की, दर आणि मर्यादा माहितीपत्रकात छापलेल्या होत्या. ग्राहकाने त्या वाचायला हव्या होत्या. परदेशी जोडणीची क्षमता त्या काळी महाग होती आणि मर्यादा घालण्यावाचून सेवा देणाऱ्यांनाही गत्यंतर नव्हते, हेही मान्य करावे लागेल. तथापि छापणे आणि समजावणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. किराणा दुकानात किलोचे माप सर्वांना ठाऊक असते, म्हणून फलकावरील दर पुरेसा होतो. ज्याने मेगाबाइट कधी हाताळलाच नाही, त्याला मेगाबाइटचा दर सांगणे म्हणजे न सांगण्यासारखेच. एक छायाचित्र किती, एक गाणे किती, एक तास वाचन किती, अशा ओळखीच्या वस्तूंत ते माप उलगडून दाखवणे ही विकणाऱ्याची जबाबदारी होती.

या उणिवेची किंमत केवळ ग्राहकाने मोजली असे नाही. २०१० सालापर्यंत देशात २ कोटी ब्रॉडबँड ग्राहक असावेत, असे २००४ च्या धोरणाचे उद्दिष्ट होते. डिसेंबर २०१० मध्ये ही संख्या सुमारे १ कोटी १० लाखांवर होती. याची कारणे अनेक आहेत आणि सारा दोष एका गोष्टीवर ठेवणे उचित ठरणार नाही. परंतु अनपेक्षित देयकाने दुखावलेला एक ग्राहक शेजारच्या चार घरांना सावध करतो, हा अनुभव कोणत्याही सेवेत नवा नाही.

आज २५६ किलोबिटांच्या जोडणीला कोणी ब्रॉडबँड म्हणणार नाही. २०२३ पासून सरकारी व्याख्येतच किमान वेग २ मेगाबिट झाला आहे. तांब्याच्या तारेची जागा बऱ्याच ठिकाणी प्रकाशतंतूने घेतली आहे. नवशिका मात्र संपलेला नाही. तो आता मोबाइलवरून बँकेचे व्यवहार करू लागला आहे. व्यवहार किती सेकंदांत होतो हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितले जाते. दैनिक मर्यादा किती, पिन कोणत्या वेळी टाकायचा आणि कोणत्या वेळी नाही, फसवणूक झाल्यास काय करायचे, हे त्यानंतर, आणि कधीकधी फार उशिरा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी निश्चित केली. तिसऱ्याच कोणाच्या कृत्यामुळे, बँकेची वा ग्राहकाची चूक नसताना, असा व्यवहार घडला आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर त्याच्यावर भार पडत नाही, असे त्यात म्हटले होते. सायबर फसवणुकीची तक्रार नोंदवण्यासाठी १९३० हा क्रमांक आहे. या गोष्टी छापलेल्या असतात. प्रश्न त्या समजावल्या जातात का, हा आहे.

म्हणून ग्राहकांनी कोणतीही नवी सेवा घेताना तीन गोष्टी आवर्जून विचाराव्यात: आकारणी कशावर होते, मर्यादा ओलांडल्यास काय होते आणि सेवा वापरात नसताना ती बंद कशी ठेवायची. कर्मचाऱ्यांनीही हे प्रश्न येण्याची वाट न पाहता, ग्राहकाच्या भाषेत त्यांची उत्तरे आधीच द्यावीत. खिडकीपाशी त्यासाठी पाच मिनिटे अधिक जातील आणि मागे रांगही वाढेल, हे खरे. पण तीच पाच मिनिटे वाचवली, तर पुढे तक्रारीच्या अर्जापायी कितीतरी तास द्यावे लागतात, आणि गेलेला विश्वास त्या तासांतूनही परत मिळेलच असे नाही.